मियाटाचा मागचा डिफ बदलताना: १.६ च्या जागी १.८ चा टॉर्सन डिफ, हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट बसवण्याची पूर्ण रीत

माझ्दा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मियाटा. पहिल्या पिढीच्या १.६ लिटरच्या गाडीत मागचा डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) ६ इंची क्राऊन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, असतो. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर ७ इंची डिफ आला. मूळ इंजिनाला लहान डिफ पुरतो. टर्बो किंवा सुपरचार्जर लावला, चिकट टायर घालून ट्रॅकवर न्यायला लागलात, की हाच डिफ आधी तुटतो. शिवाय १.६ मध्ये मिळणारा व्हिस्कस एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू न देणारा, घट्ट द्रवावर चालणारा डिफ) जुना झाला की जवळपास साध्या डिफसारखाच वागतो. म्हणून मंडळी १.८ चा टॉर्सन डिफ, म्हणजे तेच काम दातांच्या घर्षणावर करणारा एलएसडी, शोधतात.

ही गाडी भारतात कंपनीने कधी विकली नाही. त्यामुळे हा लेख मुख्यतः इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये जुनी मियाटा बाळगून असलेल्या आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः पाना धरणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. काम अवघड नाही, पण बहुतेकांचं ते दोन ठिकाणी फसतं. एक, सुटे भाग अर्धवट आणले जातात. दोन, बोल्ट चुकीच्या क्रमाने सुटतात. डिफ प्रत्यक्ष खाली उतरवणं हा या कामातला सोपा भाग आहे. कटकट असते ती त्याच्या आधी आणि नंतर, म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

## टप्पा १: सुटे भाग, आणि ते सगळे एकाच गाडीतले

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. स्वस्तात टॉर्सन डिफ दिसला म्हणून तेवढाच उचलून आणला, तर तो १.६ मध्ये बसणार नाही. लागणारे भाग हे:

१. १.८ चा डिफ, हाऊसिंगसकट. फक्त आतला टॉर्सन काढून लहान हाऊसिंगमध्ये बसत नाही.
२. १.८ चे दोन्ही हाफ शाफ्ट, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतचे दांडे. डिफच्या बाजूचे स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) १.६ पेक्षा वेगळे असतात. चाकाच्या बाजूला मात्र हे शाफ्ट तुमच्या जुन्याच हबमध्ये बसतात, त्यामुळे हब बदलावे लागत नाहीत.
३. १.८ चा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा लांब दांडा), पाच गिअरच्या मॅन्युअल गाडीतला. मोठ्या डिफच्या पिनियनच्या (क्राऊन व्हील फिरवणाऱ्या लहान गिअरच्या) फ्लँजला, म्हणजे बोल्ट लावायच्या चकतीला, १.६ च्या शाफ्टचा फ्लँज जुळत नाही. कोणी नवीन भोकं पाडून जुळवतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. तो शाफ्ट मिनिटाला चार हजार फेरे घेतो. केंद्रापासून जरा जरी सरकला तरी धडधड कायमची मागे लागते.
४. नवीन हब नट दोन, हाफ शाफ्टच्या टोकाच्या नवीन सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या तारेच्या कड्या) दोन, आणि डिफची तीन ऑइल सील: एक पिनियनचं, दोन बाजूंची.
५. जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. लहान डिफला ०.६५ लिटर लागतं, मोठ्याला १ लिटर. तुमच्या हातातलं जुनं मॅन्युअल १.६ चं असेल, तर त्यातला तेलाचा आकडा आता विसरा.

डिफ, शाफ्ट आणि डिफच्या आत बसलेले आखूड तुकडे असतील तर तेही, एकाच गाडीतून निघालेला संच म्हणून घ्या. वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे गोळा करून जुळवत बसण्यात महिना जातो, आणि शेवटी एक स्प्लाइन अडतोच. गाडीला एबीएस असेल तर हाफ शाफ्टवरच्या सेन्सरच्या दातेरी कड्या आहेत का आणि जुन्याइतकेच दात आहेत का, ते घेतानाच मोजून पाहा.

### डिफ विकत घेताना काय बघायचं

विकणारा 'टॉर्सन आहे' म्हणतो तेवढ्यावर पैसे देऊ नका. हाफ शाफ्ट बाहेर असतील तर बाजूच्या भोकातून टॉर्च मारा. साध्या ओपन डिफमध्ये मधोमध आडवी गेलेली पिन स्पष्ट दिसते. ती दिसली तर तो टॉर्सन नाही, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

मग गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतो. पिनियनच्या फ्लँजवर आणि हाऊसिंगवर खडूची एक रेघ ओढा. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच दिशेला, एकत्र, बरोबर एक फेरा फिरवा आणि पिनियन किती फिरला ते मोजा. चार फेरे होऊन वर किंचित, साधारण एक दशांश, तर ४.१०. चार फेरे आणि जवळजवळ तिसरा हिस्सा, तर ४.३०. चाराला थोडा कमी पडला तर ३.९०९. आतल्या दातांचं गणित असं: ४.३० म्हणजे क्राऊनला ४३ आणि पिनियनला १० दात, ४.१० म्हणजे ४१ आणि १०, ३.९०९ म्हणजे ४३ आणि ११.

शेवटी पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जरासाही खुळखुळा जाणवला तर बेअरिंग गेलंय, तो डिफ तिथेच ठेवा. गोल फिरवताना दातांमधली किंचित मोकळीक जाणवणारच, ती असायलाच हवी. प्लग उघडून तेल बोटावर घ्या. काळं असलं तर हरकत नाही, चंदेरी चकचकीत असलं तर नको.

तपासा: तुमच्या गाडीत सध्या ४.३० असेल (१९९० ते ९३ च्या मॅन्युअल १.६ मध्ये बहुधा तोच असतो) आणि तुम्ही ४.१० लावताय, तर स्पीडोमीटर खोटं बोलू लागेल. या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या शेपटीवरून चालतो, चाकावरून नाही. ४.१० ने तोच वेग गाठायला प्रोपेलर शाफ्ट कमी फिरतो, म्हणून गाडी खऱ्या १०० वर असताना काटा साधारण ९५ दाखवतो. ३.९०९ लावला तर ९१ च्या आसपास. चूक कमी दाखवण्याच्या बाजूची आहे, म्हणजे दंडाची पावती तुमच्या नावावर. गिअरबॉक्सवरचा छोटा प्लास्टिकचा स्पीडो गिअर योग्य दातांचा आणून याच कामात बदलून टाका, नंतर परत गाडीखाली जावं लागू नये.

इंजिनाच्या फेऱ्यांचा फरकही आधीच समजून घ्या. १८५/६० आर १४ टायरवर, चौथ्या गिअरमध्ये (तो १:१ असतो) १०० किमीला ४.३० ने इंजिन ३,९५० च्या आसपास फिरतं, ४.१० ने ३,७७० च्या आसपास, ३.९०९ ने ३,५९०. टर्बो असेल तर ४.१० किंवा ३.९०९ सुखाचा. इंजिन मूळचंच ठेवणार असाल तर ४.३० चाच टॉर्सन शोधा. नाहीतर पकड मिळेल, पण गाडी आधीपेक्षा मंद वाटेल, आणि ती तक्रार घेऊन फिरणारे मी बरेच पाहिलेत.

## टप्पा २: डिफ टेबलावर असतानाच करायची कामं

आणलेला डिफ गाडीत चढवण्याआधी तिन्ही सील बदला. वीस मिनिटांचं काम आहे. तेच गाडीखाली झोपून करायचं झालं तर अर्धा दिवस. बाजूची सील सरळ आत, हाऊसिंगच्या कडेला समपातळीत ठोका. सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस लावा. कोरड्या सीलमध्ये शाफ्ट घुसवला की ओठ उलटतो आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फरशीवर डाग दिसतो.

पिनियनचं सील बदलायला पिनियन नट काढावा लागतो. इथे सावध राहा. या नटावर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावरचा ठरावीक दाब, ठरलेला असतो. काढण्याआधी नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज या तिन्हींवर एका रेषेत खूण करा, किती आटे बाहेर दिसतात ते मोजा आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो तेही टॉर्क रेंचने मोजून ठेवा. परत बसवताना तिथवरच आणा. हे मोजमाप जमणार नसेल आणि सील कोरडं असेल, तर त्याला हात लावू नका. चुकीचा प्रीलोड सील गळण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

डिफचे दोन कान, म्हणजे ज्यांवर तो सबफ्रेमला लटकतो, त्यातले रबराचे बुश फाटलेत का पाहा. बदलायचे तर हीच वेळ.

## टप्पा ३: गाडी जमिनीवर असतानाच हब नट सैल करा

क्रमाची पहिली चूक इथे होते. लोक आधी गाडी उचलतात, चाकं काढतात आणि मग हब नटाशी झुंजतात. तो नट २१६ ते २९४ न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, वर तीस वर्षांचा गंज. स्टँडवर उभ्या गाडीखाली, लांब पाइप लावून, एवढा जोर मारणं म्हणजे गाडी अंगावर घेणं.

म्हणून चाकं जमिनीवर, हँडब्रेक घट्ट, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना अडण. चाकाच्या मधली टोपी काढा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली दिसेल. ती आधी अरुंद छन्नीने किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने वर उचला, पूर्ण उचला. अर्धवट उचलून पाना फिरवला तर नट शाफ्टचे आटे खरवडत बाहेर येतो. जुना शाफ्ट टाकूनच द्यायचाय म्हणून इथे हयगय करू नका. आटे गेले की नट मध्येच अडकतो, आणि मग ग्राइंडर आणावा लागतो.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा: हब नट, एक्झॉस्टचे बोल्ट, पीपीएफचे (गिअरबॉक्स आणि डिफ जोडणाऱ्या पट्टीचे, टप्पा ५ बघा) मागचे दोन बोल्ट, सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा बाहेरचा बोल्ट. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तिथे एक रात्र पुरत नाही. तीन-चार दिवस रोज मारा.

नट फक्त अर्धा फेरा सैल करा आणि थांबा.

इशारा: हब नट काढून टाकलेल्या किंवा पूर्ण सैल केलेल्या अवस्थेत गाडी चाकांवर ढकलत नेऊ नका. मागचं व्हील बेअरिंग नटाच्या दाबावर टिकून असतं. दाबाशिवाय वजन पडलं तर ते खराब होतं.

## टप्पा ४: उचलणं आणि तेल सोडणं

गाडी चारही स्टँडवर, जमेल तितकी वर आणि समपातळीत. फक्त मागची बाजू उचलूनही काम होतं, पण शेवटी तेलाची पातळी बघताना फसगत होते. स्टँड लावल्यावर गाडीला कमरेने धक्का देऊन बघा. हलली तर खाली जाऊ नका. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा, कारण प्रोपेलर शाफ्ट फिरवावा लागणार आहे.

जुन्या डिफचा वरचा, तेल भरायचा प्लग आधी सैल करा, मगच खालचा उघडा. या डिफमध्ये तुम्हाला परत तेल भरायचं नाही, तरी सवय ठेवा. नव्या डिफवरचा वरचा प्लग टेबलावर असतानाच एकदा उघडून बघा. गाडीत चढवल्यावर तो सुटेना असं कळणं फार जीवघेणं असतं.

मग एक्झॉस्ट. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा भाग रबरी कड्यांमधून काढून बाजूला करा. तो काढल्याशिवाय प्रोपेलर शाफ्टपर्यंत हात पोचत नाही. रबरी कड्यांवर साबणाचं पाणी मारलं की त्या सहज निघतात.

## टप्पा ५: पीपीएफ, सगळ्यात जास्त समजून घेण्याची जागा

या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणारी एक लांब अॅल्युमिनियमची पट्टी आहे. तिला पॉवर प्लांट फ्रेम, थोडक्यात पीपीएफ म्हणतात. डिफ मागे दोन कानांवर सबफ्रेमला लटकतो. त्याचं तिसरं टेकण म्हणजे ही पीपीएफ. गिअरबॉक्सला तर मागे दुसरा आधारच नाही, इंजिन माउंट पुढे आणि मागे फक्त पीपीएफ. ती सोडली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: डिफचं नाक खाली झुकतं आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली पडते. मग इंजिन मागे कलून फायरवॉलकडच्या होसना आणि वायरिंगला ताण देतं. म्हणून क्रम असा:

१. आधी मोजा. गाडीच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या फ्रेम रेलवर एक सरळ लोखंडी पट्टी आडवी धरा. तिथून पीपीएफच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि पट्टी कुठे धरली होती तिथे खूण करा. दोन ठिकाणी मोजलं तर उत्तम. हे माप वहीत लिहा. बसवताना याचाच आधार आहे.

२. दोन जॅक लावा. एक गिअरबॉक्सखाली, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून. दुसरा डिफखाली. दोन्ही नुसते टेकलेले, उचलणारे नकोत.

३. प्रोपेलर शाफ्ट काढा. मागचे चार बोल्ट काढून शाफ्ट मागे सरकवा आणि पुढचं टोक गिअरबॉक्समधून ओढून घ्या. त्या भोकाला लगेच जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड लावा, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल तुमच्या बाहीत येतं.

४. वायरिंग सोडवा. पीपीएफवर क्लिपांनी अडकवलेली वायर असते. ती विसरून पट्टी खाली ओढली की क्लिपा तुटतात, वायरही तुटू शकते.

५. मग बोल्ट. गिअरबॉक्सकडचे आणि डिफकडचे. डिफकडचे लांब बोल्ट ज्या लोखंडी बाहीतून जातात ती बाही अॅल्युमिनियममध्ये गंजून चिकटते. हातोडीने वरून मारू नका, अॅल्युमिनियम तडकतं. तेल मारा, बाही पान्याने थोडी थोडी डावी-उजवी फिरवा, सुटली की खाली ओढा. इथे घाई करणाऱ्यांना पुढे नवीन पीपीएफ शोधावी लागते.

## टप्पा ६: हाफ शाफ्ट आणि डिफ बाहेर

ब्रेक कॅलिपर काढा आणि तारेने स्प्रिंगला टांगा. होसवर लटकू देऊ नका. एबीएस असेल तर सेन्सर सोडवा. अँटी-रोल बारची कडी सोडवा.

चाकाचा नकल (हब धरून ठेवणारा ओतीव भाग) बाहेर कलवण्यासाठी वरच्या आर्मचा बाहेरचा बोल्ट काढा. खालचा लांब बोल्ट काढायचा मोह आवरा. तो जुन्या गाडीत बहुधा बुशच्या बाहीला गंजून एकजीव झालेला असतो, आणि तो काढण्यात अख्खा दिवस घालवलेले लोक आहेत. खालच्या आर्मच्या आतल्या बाजूचे एक्सेंट्रिक बोल्टही सोडू नका. अलाइनमेंट त्यांच्यावर असते, आणि या कामासाठी त्यांना हात लावायची गरज नाही.

हब नट पूर्ण काढा, उलटा करून दोन आटे परत चढवा आणि त्यावर लाकडी हातोडीने मारा. शाफ्ट हबमधून आत सरकतो. नकल बाहेर कलवून तो मोकळा करा. डिफच्या बाजूला पहार जॉइंटच्या कडेला लावून एक झटका द्या. आतली सर्क्लिप सुटते आणि शाफ्ट निघतो. शाफ्टला धरून ओढू नका, जॉइंट आतून निसटतो.

आता कानांचे दोन नट काढा, जॅक हळूहळू खाली घ्या. डिफ पुढे नाक खुपसतो, म्हणून एकाने जॅक सांभाळायचा, दुसऱ्याने डिफ. हे एकट्याने करू नका.

तपासा: जुना आणि नवा डिफ शेजारी ठेवा. कानांची रुंदी, पीपीएफ बसायची जागा, फ्लँज सगळं नजरेखालून घाला. जुना प्रोपेलर शाफ्ट नव्या फ्लँजवर ठेवून बघाल तर तो का जुळत नाही ते लगेच कळेल. नव्या शाफ्टचे दोन्ही युनिव्हर्सल जॉइंट हाताने सगळ्या दिशांना वाकवा. कुठे अडला किंवा खडखडला तर आत्ताच दुसरा शाफ्ट शोधा. मूळ शाफ्टचे हे जॉइंट बदलता येण्यासारखे बनवलेले नाहीत.

## टप्पा ७: बसवणं, पण आवळायची घाई नाही

काढताना जो क्रम होता त्याचा उलटा क्रम, एवढं सांगून लोक मोकळे होतात. तसं नाही. बसवताना सगळं आधी सैल बसवायचं, मग उंची ठरवायची, मग आवळायचं. एक एक जागा पूर्ण आवळत पुढे गेलात तर पीपीएफ वाकडी बसते आणि दोष डिफला दिला जातो.

१. डिफ वर घ्या, कान सबफ्रेमच्या बोल्टवर बसवा, नट हाताने.

२. हाफ शाफ्टच्या आतल्या टोकाला नवीन सर्क्लिप, तिचं उघडं तोंड वरच्या बाजूला. स्प्लाइनला तेलाचा हात. सीलच्या ओठावर स्प्लाइन घासू न देता सरळ आत सरकवा आणि शेवटी हाताने एक धक्का द्या. 'टक' असा आवाज आला पाहिजे. मग जॉइंटचं बाहेरचं भांडं धरून बाहेर ओढून बघा. निघालं तर सर्क्लिप बसली नव्हती.

३. बाहेरचं टोक हबमध्ये घाला, नकल जागेवर आणा, वरचा बोल्ट घाला, नट हाताने.

४. पीपीएफ वर चढवा. सगळे बोल्ट घाला, एकही आवळू नका. वायरिंगच्या क्लिपा लावा.

५. प्रोपेलर शाफ्ट पुढे गिअरबॉक्समध्ये सरकवा, मागचे चार बोल्ट लावा. याचे आणि कानांच्या नटांचे टॉर्कचे आकडे डिफ ज्या वर्षाच्या १.८ गाडीचा आहे त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, १.६ च्या नाही.

### उंची लावणं

वहीतलं माप काढा. गिअरबॉक्सखालचा जॅक थोडा वर-खाली करत पीपीएफ त्या मापावर आणा. मग डिफच्या बाजूचे बोल्ट, त्यानंतर गिअरबॉक्सच्या बाजूचे, १०४ ते १२३ न्यूटन-मीटरला. आवळून झाल्यावर परत मोजा. आवळताना पट्टी सरकते, म्हणून दुसऱ्यांदा मोजण्याला महत्त्व आहे. शेवटी कानांचे नट.

हे माप का एवढं जपायचं? प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट आहेत. कोनात चालणारा असा जॉइंट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे आणि किंचित मागे होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. गिअरबॉक्सची शेपटी खाली राहिली तर कोन बिघडतात, आणि ठरावीक वेगाला सीटखालून गुणगुण जाणवते. मग लोक शाफ्ट बॅलन्स करून आणतात, टायर बदलतात, डिफला शिव्या देतात. खरं दुखणं या मापात असतं.

इशारा: वरच्या आर्मचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. त्यात रबराचा बुश आहे. चाक लटकलेलं असताना आवळला तर गाडी खाली उतरल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नकल जॅकने गाडीच्या नेहमीच्या उंचीइतका वर उचला आणि मग आवळा.

## टप्पा ८: तेल, हब नट आणि गाडी खाली

गाडी समपातळीत असताना वरच्या प्लगमधून तेल भरा, भोकातून बाहेर ओघळेपर्यंत. साधारण एक लिटर जातं. त्याहून बरंच आधी ओघळू लागलं तर गाडी तिरकी आहे. टॉर्सनमध्ये क्लच प्लेटा नसतात, दातांच्या घर्षणावर तो चालतो. त्यामुळे क्लचवाल्या एलएसडीसाठी मिळणारं फ्रिक्शन मॉडिफायर टाकायची गरज नाही. साधं चांगलं जीएल-५ पुरतं.

एक्झॉस्ट, कॅलिपर, सेन्सर, सगळं परत. नवीन हब नट चढवा, चाक लावा, गाडी थोडी खाली घ्या. टायर जमिनीला टेकून चाक फिरायचं थांबेल एवढीच, वजन स्टँडवरच राहू दे. कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि नट टॉर्क रेंचने टप्पा ३ मधल्या आकड्यापर्यंत आवळा. मग नटाची कड बोथट छन्नीने शाफ्टच्या खाचेत ठोका. धारदार छन्नी वापरली तर कड दबत नाही, चिरते, आणि चिरलेली कड काही धरत नाही.

इशारा: टॉर्सन लावल्यानंतर एक चाक जमिनीवर आणि एक हवेत अशा अवस्थेत गाडी गिअरमध्ये कधीही चालवून बघू नका. जमिनीवरचं चाकही फिरू शकतं आणि गाडी जॅकवरून उडी मारू शकते. तपासायचं तर मागची दोन्ही चाकं हवेत, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि चाकं हाताने फिरवून. कुठे घासलं किंवा अडकलं तर ते आत्ताच कळेल.

## टप्पा ९: पहिली चक्कर आणि आवाजांचा अर्थ

पहिल्या चकरेत रेडिओ बंद, खिडक्या उघड्या, रिकामा रस्ता.

गॅस देताना सूं असा आवाज आणि पाय काढला की गायब, किंवा उलट: हा क्राऊन-पिनियनचा आवाज. हलका असेल तर वापरलेल्या डिफमध्ये चालायचाच. वाढत गेला तर तेलाची पातळी परत बघा.

गिअर टाकताना किंवा गॅस सोडताना मागून 'ठक': कानांचे नट, पीपीएफचे मागचे बोल्ट, हब नट, या क्रमाने तपासा. टॉर्सनला यात दोष क्वचितच असतो.

८० ते ११० च्या मध्ये जमिनीतून धडधड: प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट फ्लँजमध्ये नीट बसलेत का पाहा, मग पीपीएफचं माप परत घ्या. शाफ्टकडे शेवटी वळा.

वळणावर टिकटिक: हाफ शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. जुना संच घेतलात तर हा धोका आहेच. रबरी बूट फाटलाय का बघा.

वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की गाडी आता वेगळी वागेल. आधी आतलं चाक नुसतं फिरायचं, आता दोन्ही चाकं ढकलतात. ओल्या रस्त्यावर मागचा भाग आधीपेक्षा ठामपणे बाहेर येऊ शकतो. पहिले काही दिवस पावसात पाय हलका ठेवा.

विम्याचा एक फोन विसरू नका. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. बाकी देशांतही पॉलिसीतलं बदलांचं कलम वाचून घ्या.

साधारण शंभर किलोमीटरनंतर गाडी परत उचला. प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, पीपीएफचे बोल्ट आणि कानांचे नट टॉर्क रेंचने तपासा. हब नटाची ठोकलेली कड खाचेत जागेवर आहे का बघा. नट फिरल्याची शंका आली तर तोच परत आवळू नका, नवीन घाला. सीलच्या कडा कोरड्या कापडाने पुसा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. भंगारातून आणलेला डिफ असेल तर आठशे-हजार किलोमीटरला तेल सोडून नवीन भरा, आणि खालच्या प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते पाहा. राखाडी मऊ चिखल असेल तर पुसून प्लग परत लावा. बोटाला टोचणारा कीस किंवा तुकडे असतील तर गाडी चालवणं थांबवून डिफ उघडायला द्या.